४९–०: आठ मिनिटं आधी संपलेली मॅच

(भागाचं लिखित रूप. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ जरा कमी केलेत, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा आता कुठे जाऊन पोचला! विषय आहे अमेरिकन कॉलेज फुटबॉल, आणि तोही सव्वाशे वर्षांपूर्वीचा. घाबरू नका, या खेळाचे नियम येत नसले तरी चालेल. लागतील तेवढे मी सांगत जाईन. आपल्याला खरं तर एका स्कोअरबद्दल बोलायचंय. ४९–०.

१ जानेवारी १९०२. ठिकाण कॅलिफोर्नियातलं पॅसाडीना गाव, मैदानाचं नाव टूर्नामेंट पार्क. या गावात १८९० पासून नवीन वर्षाच्या दिवशी फुलांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघायची. कल्पना अशी, की बाकी अमेरिका बर्फात कुडकुडत असताना आमच्याकडे बघा गुलाब फुललेत! थोडक्यात, पर्यटनाची जाहिरात. १९०२ मध्ये आयोजकांनी ठरवलं की यंदा मिरवणुकीच्या जोडीला एक फुटबॉलची मॅच ठेवू. पूर्वेकडची एक टीम, पश्चिमेकडची एक टीम. पूर्वेकडून आलं मिशिगन, पश्चिमेकडून स्टॅनफर्ड. आज ज्याला ‘बाउल गेम’ म्हणतात, म्हणजे मोसम संपल्यावरची खास मॅच, त्या सगळ्या परंपरेची ही सुरुवात. तेव्हा अर्थात हिला कुणी बाउल म्हणत नव्हतं. ते वाडग्याच्या आकाराचं प्रसिद्ध रोझ बाउल स्टेडियम बांधलं गेलं १९२२ मध्ये.

मॅचला आठेक हजार लोक आले. बसायची सोय त्या मानाने अगदीच तुटपुंजी होती. हाफटाइमला स्कोअर होता मिशिगन १७, स्टॅनफर्ड ०. त्यानंतर जे झालं त्याला मॅच म्हणणं अवघड आहे. मिशिगनच्या नील स्नो नावाच्या गड्याने एकट्याने पाच टचडाउन केले. ४९–० झालं, आठ मिनिटं शिल्लक होती, आणि स्टॅनफर्डचा कॅप्टन राल्फ फिशर मिशिगनच्या कॅप्टनकडे, ह्यू व्हाइटकडे गेला. तुमची हरकत नसेल तर आपण इथेच थांबू, असा त्याचा प्रस्ताव होता. व्हाइट तयार झाला. मॅच संपली.

पुढच्या वर्षी आयोजकांनी फुटबॉल काढून टाकला आणि पोलो ठेवला. मग १९०४ पासून रथांच्या शर्यती, रोमन पद्धतीच्या. ‘बेन-हर’ कादंबरीची तेव्हा अमेरिकेत हवा होती. एकदा, १९१३ मध्ये, हत्ती विरुद्ध उंट अशीही शर्यत लावली. हत्ती जिंकला. फुटबॉल परत आला थेट १९१६ मध्ये.

ही गोष्ट इंटरनेटवर जिथे सापडते तिथे विनोद म्हणून सापडते. ‘पहिली मॅच इतकी एकतर्फी झाली की लोकांनी फुटबॉल सोडून हत्ती पळवले!’ मीही ती पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलो होतो. पण त्या कॅप्टनने जाऊन थांबूया म्हटलं, ते मात्र डोक्यात राहिलं. ते का राहिलं, ते शेवटाकडे सांगतो. आधी एक सरळ प्रश्न: ४९–० झालं कसं?

सोपं उत्तर म्हणजे स्टॅनफर्ड भंगार टीम होती. पण ते खरं नाही. त्याच मोसमात त्यांची कॅलिफोर्निया विद्यापीठाशी मोठी मॅच झाली. दोघांचं हाडवैर. ती स्टॅनफर्ड हरलं, पण किती गुणांनी? २–०. अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल घेतलेल्या खेळाडूला त्याच्याच गोललाइनच्या मागे पकडलं की समोरच्याला २ गुण मिळतात. ते २. म्हणजे आपल्या भागात ही टीम बरोबरीने लढत होती.

दुसऱ्या बाजूला मिशिगन. पॅसाडीनाला यायच्या आधी १० मॅच खेळले, दहाही जिंकले. एकूण गुण ५०१, आणि त्यांच्याविरुद्ध झालेले गुण शून्य. यात बफेलोविरुद्धचे १२८–० पण आले. पॅसाडीना धरून मोसमाचा हिशेब झाला ११ मॅच, ५५० गुण. सरासरी बरोबर ५०! त्यांना ‘मिनिटाला एक गुण’वाली टीम म्हणायचे ते उगाच नाही.

आता गंमत बघा. ही टीम घडवणारा कोच होता फील्डिंग योस्ट. आणि हा योस्ट आदल्या वर्षी, १९०० मध्ये, कुठे कोच होता? स्टॅनफर्डला! स्टॅनफर्डने नियम केला की आमचा कोच आमचाच माजी विद्यार्थी हवा. योस्ट बाहेरचा, त्यामुळे गेला. तो मिशिगनला गेला. जाताना कॅलिफोर्नियातल्याच सॅन होजेच्या एका कॉलेजातला खेळाडू, विली हेस्टन, तोही त्याच्या मागोमाग मिशिगनला पोचला. वर्षभरात दोघं परत कॅलिफोर्नियात आले, ते समोरच्या बाजूने. ‘आपलाच माणूस हवा’ या हट्टाची किंमत इतक्या लवकर आणि इतक्या जाहीरपणे क्वचितच कुणाला मोजावी लागली असेल.

पण कोच चांगला होता एवढ्याने ४९–० होत नाही. इथे मला माझ्यातला इंजिनिअर जागा करू द्या, दोन मिनिटं.

समजा एक नाणं आहे, थोडं वाकडं. छापा शंभरातून ६० वेळा पडतो, काटा ४० वेळा. तुम्ही काट्याच्या बाजूने आहात. दहा वेळा नाणं उडवलं तर काटे जास्त पडायची शक्यता किती? साधारण सहातून एकदा. म्हणजे वाईट नाही, आशा आहे. आता तेच नाणं शंभर वेळा उडवा. काटे जास्त पडायची शक्यता शंभरात दोनपेक्षाही कमी. नाणं तेच आहे, फक्त डाव वाढले. थोडा सरस असलेला खेळाडू जितके जास्त डाव खेळेल, तितका तो ‘खूप’ सरस दिसायला लागतो.

आता १९०२ चे नियम बघा. तीन प्रयत्नांत ५ यार्ड पुढे जायचं. गेलात तर बॉल तुमच्याकडेच राहतो, नाही तर समोरच्याकडे जातो. बॉल पुढे फेकायला परवानगीच नाही, तो फॉरवर्ड पास कायदेशीर झाला १९०६ मध्ये. म्हणजे खेळ कसला? बॉल पोटाशी धरायचा आणि घोळक्याने घुसायचं. दोन-तीन यार्ड. परत घुसायचं. परत दोन-तीन यार्ड. हे आपलं वाकडं नाणं झालं, आणि ते शेकड्याने उडवलं जातंय.

त्यात योस्टचं टोपणनाव होतं ‘हरी अप’ योस्ट. म्हणजे ‘आवरा लवकर’ योस्ट. एक डाव संपला की त्याची पोरं उठता उठताच पुढच्या डावाचे इशारे द्यायची. समोरचे अजून धूळ झटकतायत तोवर यांचा पुढचा डाव सुरू. लोक याला वेग म्हणायचे. मी म्हणेन, त्याने त्याच वेळात नाणं जास्त वेळा उडवलं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मागे पडलेल्या टीमला परत यायला रस्ताच नव्हता. आजच्या फुटबॉलमध्ये तुम्ही २० गुणांनी मागे असाल तर लांब पास मारता. बहुतेक वेळा तो फसतो, पण एखादा लागला की एका फटक्यात टचडाउन. धोका पत्करून मोठी उडी मारायची सोय आहे. १९०२ मध्ये ती सोय नव्हती. मागे पडलात तरी तुमच्याकडे तेच हत्यार, घोळक्याने घुसायचं. शिवाय एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकत नव्हता. मिशिगनचे अकरा जण पूर्ण मॅच खेळले, एकही बदली नाही. स्टॅनफर्डचे एकेक करून जायबंदी होत गेले. म्हणजे मॅच जसजशी पुढे जाईल तसतसं नाणं आणखी वाकडं होत जाणार. हाफटाइमपर्यंत १७, आणि नंतर, वेळ पूर्ण व्हायच्या आधीच, ३२ हे अशाने होतं.

तर ४९–० हा आकडा ‘मिशिगन स्टॅनफर्डपेक्षा इतक्या पटीने भारी होतं’ असं सांगत नाही. दोन टीममधला फरक त्या नियमांनी किती फुगवला, ते तो सांगतो.

आणि शेवटचं कारण म्हणजे जोडी लावणारे. या दोन टीमची ना एकमेकांशी गाठ पडली होती, ना कुठला समान प्रतिस्पर्धी होता. देशभराचं रँकिंग नव्हतं. एपी या वृत्तसंस्थेचा नियमित पोल सुरू झाला १९३६ मध्ये. व्हिडिओ तर सोडाच. नावं ऐकून जोड्या लावायच्या. २५ डिसेंबर १९०७ ला लुइझियाना स्टेटची टीम क्युबात जाऊन हवाना विद्यापीठाशी खेळली, तिथे ५६–० झालं. कारण तेच. मोजपट्टी नसताना लावलेली जोडी.

बरं, पॅसाडीनाच्या आयोजकांनी यातून काय धडा घेतला? की ‘फुटबॉल आपल्याकडे चालत नाही’. मला हे ओळखीचं वाटतं. नवीन फीचर पहिल्या दिवशी कोसळलं, की मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, काढून टाका, लोकांना नकोच होतं ते. का कोसळलं ते कुणी बघत नाही. आठ हजार लोक आले होते हो! लोकांना हवं होतं. चूक जोडीत होती आणि नियमांत होती.

आणि नियम बदलले, पण ४९–० मुळे नाही. माणसं मरत होती म्हणून. तो घोळक्याने घुसायचा खेळ इतका जीवघेणा झाला होता की ऑक्टोबर १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्सटनच्या लोकांना व्हाइट हाउसला बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी फॉरवर्ड पास आला, ५ यार्डांचे १० यार्ड झाले. १९१२ मध्ये तीनऐवजी चार प्रयत्न मिळाले आणि टचडाउनचे ५ चे ६ गुण झाले. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांनी तर १९०६ मध्ये हा खेळच सोडून रग्बी धरलं होतं.

त्यामुळे १९१६ मध्ये पॅसाडीनाला जो फुटबॉल परत आला तो वेगळाच खेळ होता. पहिल्या मॅचला वॉशिंग्टन स्टेट १४, ब्राउन ०. पश्चिम जिंकली! पुढच्या वर्षी ऑरेगॉन १४, पेनसिल्व्हेनिया ०. १९२० ला हार्वर्ड ७, ऑरेगॉन ६. १९२२ ला तर ०–०. एकतर्फी मॅच संपल्या असं नाही, १९२१ ला कॅलिफोर्नियाने ओहायो स्टेटला २८–० ने धुतलं. पण मागे पडलेल्याला आता निदान काहीतरी करून बघता येत होतं.

आता मंडळी, जरा पुढे जाऊ. १ जानेवारी १९४८. परत रोझ बाउल. परत मिशिगन, समोर यूएससी. निकाल? ४९–०. अगदी तोच! फक्त आतला हिशेब वेगळा. १९०२ मध्ये ८ टचडाउन गुणिले ५ म्हणजे ४०, एका फील्ड गोलचे तेव्हा ५ मिळायचे ते धरून ४५, आणि टचडाउननंतरच्या किकचे ४. १९४८ मध्ये ७ टचडाउन गुणिले ६ म्हणजे ४२, आणि सातही किक बरोबर, म्हणून ७. बेरीज तीच.

पण या वेळी कुणी आठ मिनिटं आधी थांबवलं नाही. का, ते समजून घ्यायला मागची गोष्ट हवी. मिशिगन ज्या बिग टेन गटात होतं, त्या गटाच्या टीम १९२१ नंतर पाव शतक बाउल खेळतच नव्हत्या. १९४७ ला पॅसिफिकच्या गटाशी करार होऊन इलिनॉय आलं, तेव्हा कॅलिफोर्नियात कुरकुर झाली. त्यांना आर्मीची अपराजित टीम हवी होती. इलिनॉयने यूएलसीएला ४५–१४ ने हरवून तोंडं बंद केली. आणि १९४८ ला आणखी एक भानगड होती. एपीच्या पोलमध्ये नोत्र दाम पहिलं, मिशिगन दुसरं. नोत्र दामने डिसेंबरमध्ये याच यूएससीला ३८–७ ने हरवलं होतं. म्हणजे मिशिगनला नुसतं जिंकून उपयोग नव्हता, ३८–७ पेक्षा मोठं जिंकायचं होतं! ४९–० झाल्यावर एपीने एक जादा पोल घेतला, अनधिकृत. त्यात मिशिगनला २२६ मतं, नोत्र दामला ११९.

हा फरक माझ्या लेखी मोठा आहे. १९०२ मध्ये ४९–० म्हणजे झालेल्या गोष्टीची नोंद. १९४८ मध्ये ४९–० म्हणजे चलन. ते दाखवून काहीतरी विकत घेता येत होतं. आणि स्कोअर एकदा चलन झाला, की हरणाऱ्याचे हाल हा कुणाच्याच हिशेबाचा भाग राहत नाही.

इथे आपल्याकडची एक मॅच आठवल्याशिवाय राहत नाही. तेच साल, १९४८, डिसेंबर महिना, पुणे. रणजी ट्रॉफी. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम ९ धावांवर. महाराष्ट्र ४ बाद ८२६. आणि काठियावाडच्या कॅप्टनने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढे खेळायला नकार दिला. मॅच सोडली. त्यांना आपण आजही माफ केलेलं नाही. मीही नाही केलं, खरं सांगतो.

मग फिशरला का माफ करायचं? दोघंही हरणारे कॅप्टन, दोघांनीही मॅच थांबवली. मी यावर बराच विचार केला. फरक असा वाटतो: पुण्यात थांबून कुणाचं हाड वाचणार नव्हतं, आणखी नऊ धावा दिल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. गेला तो फक्त एका फलंदाजाचा हक्काचा क्षण. पॅसाडीनात प्रत्येक जादा डाव म्हणजे दमलेल्या, जायबंदी पोरांच्या अंगावर अकरा जणांचा घोळका. फिशर स्वतःची लाज वाचवत नव्हता. उलट, सगळ्यांसमोर जाऊन ‘पुरे’ म्हणण्यात जास्त लाज होती.

आता ते डोक्यात का राहिलं, ते सांगतो. बीटेकला असताना आमच्या ब्रँचची कबड्डीची मॅच होती. मी कॅप्टन. अर्ध्या वेळेलाच आमच्यावर तीन लोण चढले होते. आमच्या एका पोराचा पाय मुरगळला होता, तो म्हणत होता दुखतंय. बदलीला कुणी उरलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, मैदान सोडायचं नाही, इज्जतीचा प्रश्न आहे. तो गेला चढाईला. परत आला तो चौघांच्या खांद्यावरून. घोट्याचं हाड मोडलं होतं, दीड महिना प्लास्टर. शेवटचा स्कोअर मला आज आठवत नाही. कुणालाच आठवत नसणार. तो मात्र थंडीत अजून जरा लंगडतो, आणि भेटला की विषय काढत नाही. तो काढत नाही, हेच मला टोचतं.

‘मैदान सोडायचं नाही’ हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. चांगलंच आहे ते, बहुतेक वेळा. पण नाणं इतकं वाकडं झालंय आणि मोठी उडी मारायचा रस्ताच नाहीये, हे दिसत असताना पोरांना आत ढकलत राहणं याला धैर्य म्हणता येत नाही. कॅप्टनच्या त्या न बोलण्याची किंमत दुसरा कुणीतरी भरतो. फिशर बोलला. मी नाही बोललो.

आणि व्हाइटलाही विसरू नका. तो ‘नाही’ म्हणू शकला असता. आठ मिनिटांत अजून दोन टचडाउन सहज झाले असते, आकडा साठच्या घरात गेला असता. तो ‘ठीक आहे’ म्हणाला.

जाता जाता त्या मिशिगनचं पुढे काय झालं ते सांगतो. १९०१ पासून सलग ५६ मॅच ते हरले नाहीत, त्यातली फक्त एक बरोबरीत सुटली. अखेर नोव्हेंबर १९०५ मध्ये शिकागोने त्यांना हरवलं. पाच मोसमांत २,८२१ गुण करणाऱ्या त्या टीमचा शेवट किती गुणांनी झाला असेल? २–०. तोच तो, गोललाइनच्या मागे पकडल्याचा स्कोअर. त्याच स्कोअरने हरलेली स्टॅनफर्डची टीम घेऊन फिशर पॅसाडीनाला आला होता.

तुमच्याकडे अशी एखादी थांबवलेली, किंवा थांबवायला हवी होती अशी मॅच असेल तर मला जरूर लिहून पाठवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, नमस्कार.